एकतीस जणांचा कोट

२ मार्च, सोमवार

एका दिवसात एकतीस माणसं आणि कोट एकच! खांदे भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गादी कारखान्यातले ते परदेशी कामगार. सरकारचं नवं फर्मान निघालंय — बाहेरून आलेल्या प्रत्येकाने फोटोचं कार्ड खिशात ठेवायचं, दर सहा महिन्यांनी नवं करायचं. मुकादमाने सकाळीच सगळ्यांना रांगेत आणून माझ्या दारात उभं केलं. "बाई, उरका लवकर, दुपारच्या पाळीला पोचायचंय." उरका म्हणे! चेहरे काय उरकायचे असतात?

कार्डावरचा माणूस कोटात हवा, असा मुकादमाचा हट्ट. त्यांच्यात एकाकडेही कोट नाही. म्हणून बाबांचा कोट खुंटीवरून काढला. हा कोट म्हणजे आमच्या स्टुडिओचा खरा मालक. बाबांनी तो पाठीत वरपासून खालपर्यंत फाडून नाड्या लावल्यात — जाड्याला सैल सोडायचा, बारक्याला आवळायचा, समोरून सगळे साहेब! मागून बघितलं की हसू आवरत नाही. दुसरं बटण तुटलं तेव्हा आईने हाताला आलं ते लावून टाकलं. काळ्या कोटाला तपकिरी बटण. फोटोत दिसतं. म्हणजे मला दिसतं, गिऱ्हाइकाला आजवर कधी दिसलेलं नाही.

शेजारचा न्हावी एकाच्या गालाला साबण फासून, त्याला तसाच सोडून बघायला आला. "ताई, हे सगळे सारखेच दिसतात हो. कुणाचा फोटो कुणाला दिलात तरी कळायचं नाही." मी म्हटलं, "तुम्हाला नि तुमच्या चारही भावांना या कोटात बसवते, मग बघू कोण ओळखतंय." पैज लागली. एक जरी पाकीट चुकलं तर महिनाभर त्याचा चहा माझ्याकडे.

सारखे कसले! कान बघावेत माणसाचे. एकाचे सुपासारखे, एकाचा डावा उजव्यापेक्षा बोटभर खाली, एकाची कानाची पाळी जन्मतः चिकटलेली. नऊ नंबरवाल्याने तीनदा डोळे मिटले. सतरा नंबरची तर उजवी भुवई कायम वर चढलेली, जसं काही त्याला सारखं काहीतरी विचारायचंय. माझ्यासारखाच दिसतोय मेला!

एक मात्र कोडं आहे. आपली माणसं बसली की "जरा बरा काढा हं" म्हणतात. एकतीस जणांत कुणी म्हणालं नाही. बटण दाबेपर्यंत श्वास धरून बसायचे, झालं की उठायचे. का?

३ मार्च, मंगळवार

एकतीस पाकिटं. एकही अदलाबदल नाही. न्हाव्याचा चहा हुकला!

५ मार्च, गुरुवार

भुवईवाला परत आला. एकटाच. दारात चपला काढून उभा. आपल्याकडे स्टुडिओत कोण चपला काढतं?

कार्डाचा फोटो आईला पाठवण्यासारखा नाही म्हणाला. "आई घाबरेल." मोठा हवाय, चांगला. खरंच होतं ते, कार्डाच्या फोटोत तो कैद्यासारखा दिसतो. त्यात माझा दोष नाही, मुकादम डोक्यावर उभा होता.

दिवे लावेपर्यंत त्याने स्टूल उलटं केलं आणि डगडगणारा पाय घट्ट करून टाकला. खिशात पेचकस असतोच. कारखान्यात गाद्या शिवायची मशीनं दुरुस्त करतो. मग काय, मला राहवतंय थोडंच! घरी कोण कोण? बहिणी किती? आई काय करते? समुद्र आहे का तिकडे? इथे आल्यावर पहिल्या दिवशी काय नवल वाटलं? मशीनचं काम कुणी शिकवलं? झोपायला गादी तरी देतात का गादीवाल्यांना? तो दोन-दोन शब्दांत उत्तरं देत होता. (बहिणी तीन. आई शिवण करते. गादी देतात, शिलाईत खोट राहिलेली.) शेवटी म्हणाला, "एवढे प्रश्न पोलीस विचारतात." आणि स्वतःच हसला, भुवई पार कपाळात.

तेवढ्यात मी बटण दाबलं. मिळाला!

गेल्यावर आई जिन्यातून खाली आली. म्हणते, "चौदा प्रश्न विचारलेस त्या बिचाऱ्याला. मी मोजले." उगाच नाही ती मला चौकशीची खिडकी म्हणत.

७ मार्च, शनिवार

धाकट्या भावाचा फोन. दोन वर्षं झाली त्याला परदेशात, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुतोय. आईचं नेहमीचं, जेवलास का, काय जेवलास. म्हणाला, पाळी संपेपर्यंत जेवण गार होतं, तसंच खातो. आई कळवळली, "अरे, गरम करून मागायचं!"

"इथे मी काही मागत नाही गं आई. मिळेल ते घेतो, हसतो, थँक्यू म्हणतो."

हा! लहानपणी मीठ कमी पडलं तर ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून बसायचा! माणूस इतका कसा बदलतो? विचारलं तर म्हणाला, "ताई, तुला नाही कळायचं." मला न कळण्यासारखं काय आहे त्यात?

१० मार्च, मंगळवार

शोकेस बदलली.

बाबांचा नियम होता — रस्त्यावरच्या काचेत दर महिन्याला एकच चेहरा, मोठा. नवऱ्या-नवरदेव नकोत, पुढारी नकोत. ज्याच्यापाशी चालता माणूस थांबेल तो चेहरा. गेला महिना औषधवाल्याची मुलगी होती. काय व्याप झाला होता तिचा! आधी तिला विचारलं, मग तिच्या वडिलांना, मग आजी म्हणाली माझ्याशी कुणी बोललंच नाही, की आजीकडे गेले. तिघांचा होकार आला तेव्हा कुठे फोटो लागला.

आता भुवईवाला. हसताना, कोटात, भुवई वर. त्याला सांगितलेलं नाही. एकदम बघेल तेव्हा उडीच मारेल!

आई खाली आली, चष्मा पुसून बघितलं. "छान आलाय. पण कोण कुठला, लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतात तेच तर बघायचंय मला. न्हावी म्हणाला, "आपल्यातली माणसं संपली वाटतं?" समोरच्या हार्डवेअरवाल्या वहिनी बाजाराला जाताना थांबल्या, येतानाही थांबल्या. "डोळ्यांत काय आहे गं याच्या? नजर हटत नाही." यापेक्षा मोठी शाबासकी काय हवी!

मनात आलं, एकाला जरी लोकांनी नीट बघितलं तरी पुरे. मग सगळे सारखे म्हणायची सोय राहणार नाही.

१२ मार्च, गुरुवार

जमलं! न्हावी आज आपणहून म्हणतो, "ताई, तुमचा भुवईवाला गेला बघा आत्ता, सायकलवरून." दहा दिवसांपूर्वी याला सगळे सारखे दिसत होते. आता एकतीस जणांत एक ओळखतो. मी लगेच म्हटलं, चहा पाजा.

१३ मार्च, शुक्रवार

भुवईवाला आला होता! काचेसमोर कितीतरी वेळ उभा. मी आतून हात हलवला, हसले, अंगठा दाखवला. त्यानेही हात अर्धा वर केला. मग गेला. लाजला असणार. खूश झाला की नाही ते विचारायला बाहेर जाणार होते, तोवर फोन वाजला.

१४ मार्च, शनिवार

आज धाकटा फोनवर दिसला. नवा चष्मा. डाव्या डोळ्याखाली निळंकाळं. "पडलो, बाथरूममध्ये." आईला पटलं. घरात चपला घालत जा, रबरी पट्टी टाकून घे, चालू झालं तिचं.

मला नाही पटलं. पंचवीस वर्षं चेहऱ्यांवर दिवे मारतेय मी. पडलेल्या माणसाचं नाक फुटतं, हनुवटी फुटते, कपाळाला टेंगूळ येतं. डोळ्याखालच्या खोबणीत जमीन शिरत नाही. तिथे मूठ शिरते.

आई गॅस बंद करायला गेली तेव्हा म्हटलं, "कोणी मारलं?" मग सांगितलं त्याने. बसथांब्यावर दोघं जण. तुझ्या देशात चालता हो म्हणाले. थांब्यावर अकरा माणसं होती. (मोजली त्याने! माझाच भाऊ.) सगळी फोनमध्ये बघत होती.

"पण तुलाच का? तू काय केलंस?"

"ताई, मी कोण ते त्यांना माहीत तरी होतं का?"

"पोलिसांत का नाही गेलास?"

"पोलीस आधी माझं कार्ड मागतात."

आईला सांगू नकोस म्हणाला. नाही सांगितलं. पण संताप संताप झालाय. कसली माणसं असतील तिकडची! न ओळखता, न विचारता हात उचलायचा आणि बाकीच्यांनी बघत राहायचं. आपल्याकडे असं कुणी करणार नाही.

१६ मार्च, सोमवार

भुवईवाला पुन्हा. या वेळी दारापर्यंत आला, मुठीला हातही लावला. माझ्यापुढे सहा जणांचं कुटुंब आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून भोकाड पसरलेलं बाळ. मी मान वर करून हसले, हाताने खूण केली, छान, छान! तो थांबला, मग गेला. रोज स्वतःला बघायला येतो वाटतं. येऊ दे की. त्याची आईसाठीची मोठी प्रत त्याने नेलीच आहे, आणखी एक छोटी फुकट काढून ठेवलीय. पुढच्या वेळी देईन.

१८ मार्च, बुधवार

वहिनींची पर्स हिसकावली! भरदुपारी, बाजाराच्या बोळात. मागून आला, हिसडा दिला, पळाला. वहिनी गुडघ्यावर पडल्या. मी धावत गेले तेव्हा दुकानात खुर्चीवर बसून गुडघे चोळत होत्या, भोवती दहा-पंधरा माणसं. "कोण होता? कोण होता?" प्रत्येक जण तेच विचारतोय. पाणी कुणी देत नाहीये. मी दिलं.

घरी आले तोवर गल्लीभर झालं होतं — बाहेरचा होता. हे कुणी ठरवलं, कळलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

भुवईवाल्याला मारलं.

पाळी सुटताना, कारखान्याच्या फाटकात. लख्ख उजेडात. आपल्याच गल्लीतले वीस-पंचवीस जण. कुलपं विकणारे, औषधं विकणारे, केस कापणारे. लोखंडी कांबी हार्डवेअरच्या दुकानातल्या. बाकीचे तीस जण तिथेच होते, त्यांना बोट लावलं नाही. याला मधून ओढून काढला.

मुकादमाने टेंपोत घालून इस्पितळात नेला. जिवंत आहे.

आई म्हणाली, "तो फोटो काढ आधी, काच फोडतील." काढला. भीतीने काढला, हे इथे लिहून ठेवते.

२० मार्च, शुक्रवार

मुकादम आला होता. दोन बरगड्या मोडल्या, उजवी भुवई फाटली. पलंगाशी पोलीस बसवलाय. मारणाऱ्यांसाठी नव्हे — त्याच्यासाठी! चोर तो ना. कार्ड काढून घेतलं. पुढच्या शुक्रवारी, सत्तावीसला, देशाबाहेर. "तोंडाने काही बोलत नाही बाई तो. मी नाही केलं, एवढंच."

मला एकच गोष्ट कुरतडतेय. हीच माणसं म्हणत होती, सगळे सारखे दिसतात. मग एकतीस जणांतून नेमका हाच कसा काढला? कुणी दाखवला? कशावरून?

२१ मार्च, शनिवार

चौकशी केली. मला दुसरं येतं काय!

आधी औषधवाला. "आम्ही मागे होतो हो." मग कोपऱ्यावरचा चहावाला. "मी पोचलो तोवर झालं होतं." कमाल आहे, पंचवीस माणसं आणि सगळी मागे! शेवटी न्हाव्याला धरलं. वस्तरा हातात, नजर आरशात, माझ्याकडे बघेना. "मी नुसता उभा होतो ताई. आईशपथ."

"असू दे. ओळखला कसा ते सांगा."

"वहिनींनी वर्णनच तसं दिलं होतं ना. अगदी बारीकसारीक. भुवई वर चढलेली. काळा कोट. आणि कोटाचं एक बटण तपकिरी."

मी तिथल्या खुर्चीवर बसले. न्हावी म्हणाला, काय झालं, पाणी देऊ का?

तपकिरी बटण.

कोट खुंटीवर आहे. बुधवारी दुपारीही खुंटीवर होता. त्या माणसाकडे कोट नाही, कधी नव्हता. वहिनींनी चोर बघितलाच नाही. चोर मागून आला आणि पाठमोरा पळाला. त्यांनी बघितला तो माझ्या काचेतला फोटो. रोज जाताना एकदा, येताना एकदा.

२२ मार्च, रविवार

काही केलं नाही. दिवसभर कोट मांडीवर घेऊन बसले.

खरं लिहायचं तर भीती वाटते. वहिनी आमच्या शेजारणी, बाबा गेले तेव्हा आठ दिवस आमच्याकडे डबा त्यांनी पोचवलाय. गल्लीशी वैर घेऊन स्टुडिओ कसा चालवायचा? आणि तो माझा कोण? एवढंसं वाक्य, पण मनात आलं खरं. धाकट्याच्या थांब्यावरच्या अकरा जणांच्याही मनात हेच आलं असेल का? त्यांना मी किती शिव्या घातल्या त्या दिवशी.

२३ मार्च, सोमवार

वहिनींना बोलावलं. पोलिसांत जायच्या आधी त्यांना सांगायला हवं होतं. कोट दाखवला. बटण दाखवलं. मागची नाडी दाखवली.

वहिनींनी बटणाला हात लावला. मग माझ्याकडे बघितलं. "अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय."

"काचेत पाहिलंत वहिनी."

"म्हणजे मी खोटं बोलते? या गुडघ्यांवरची सालं खोटी?"

खोटं नाहीच बोलत त्या, हेच तर विचित्र! त्यांना खरंच तो दिसतोय. डोळे मिटले की कोटासकट दिसतोय म्हणाल्या. माणसाच्या डोक्यात एकाच्या धडावर दुसऱ्याचा चेहरा इतका बेमालूम कसा बसतो? मला डार्करूममध्ये असा जोड द्यायला दोन दिवस लागायचे. त्यांना दोन तासही लागले नाहीत.

जाताना दारातून म्हणाल्या, "तू त्यांच्या बाजूची झालीस तर." दार आपटलं नाही. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं, गप्प बस म्हणेल. लुगड्याला हात पुसत म्हणाली, "बटण मी लावलंय. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

२४ मार्च, मंगळवार

ठाण्यात तीन तास. साहेब माझ्याहून लहान, पेनाचं टोपण चावणारा. आधी बसायलाही सांगेना. "बाई, साक्षीदार बाईंनी वर्णन दिलंय, माणूस जुळलाय, केस संपली."

मी टेबलावर कोट ठेवला. शेजारी शोकेसमधला फोटो. "तुमच्या कागदावर बटणाचा रंग काय लिहिलाय, वाचा."

वाचला. कोटाकडे बघितलं. फोटोकडे बघितलं.

"हा कोट त्याने तुमच्याकडून नेला असेल."

आई म्हणाली, "घाल की बाबा अंगात. नि पळून दाखव."

साहेबाने खरंच हात घातले! समोरून फौजदार, मागून नाड्या लोंबतायत आणि शर्टावरचा घाम दिसतोय. दारातला हवालदार फस्सकन हसला. साहेब दोन पावलं चालला तर कोट खांद्यांवरून पुढे निसटून हातात आला. मग कुणी हसलं नाही.

"हे तुम्ही बुधवारीच का नाही सांगितलंत?"

"शनिवारी कळलं."

"मग शनिवारी का नाही?"

जबाब लिहून घेतला. सही माझी, तिच्याशेजारी सही आईची, बटण लावल्याबद्दल!

२५ मार्च, बुधवार

कोट पुरावा म्हणून दोन दिवस ठेवून घेतलाय. खुंटी रिकामी बघवत नाही. आज दोन गिऱ्हाइकं. नेहमी दहा-बारा असतात.

२६ मार्च, गुरुवार

सोडला! मुकादम स्वतः सांगायला आला. कार्ड परत. कुठे पाठवत नाहीत. टाके निघाले की कामावर.

मारणाऱ्यांचं काय, विचारलं. मुकादमाने खांदे उडवले. "सगळे मागे होते म्हणे."

आईने मला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला. शेवटचा कधी फिरवला होता आठवत नाही. रडू आलं आणि बरं वाटलं.

२८ मार्च, शनिवार

धाकट्याला सगळं सांगितलं. आईसमोरच. मग त्याच्या डोळ्याचंही निघालं, आई आधी रडली, मग मला रागावली, मग त्याला. एकदाचं झालं.

धाकटा म्हणाला, "ताई, माझ्या थांब्यावर तुझ्यासारखी कुणी असती तर." मी म्हटलं, पुरे, चढवू नकोस. पण चढले, हे खरं. मग विचारलं त्याने, "तो काय म्हणतो?"

"अजून भेटला नाही. येईल की. आभार मानायला येईलच."

"हं," म्हणाला. त्याचं हे हं मला कधी कळत नाही.

३० मार्च, सोमवार

फोटो परत लावला शोकेसमध्ये! तोच, मोठा, हसरा. काच आधी लख्ख पुसली. भीतीने काढला होता ना, आता सगळ्यांच्या नाकावर टिच्चून लावला. न्हावी नुसता बघत राहिला. वहिनी समोरच्या फुटपाथवरून गेल्या. जाऊ देत. तो येईल तेव्हा त्याला आधी हेच दिसू दे.

१ एप्रिल, बुधवार

कोट आला. नाडी तुटलीय. आईने शिवली.

२ एप्रिल, गुरुवार

तो आला. भुवईत सात टाके. आता ती वर जात नाही. कार्डासाठी नवा फोटो हवाय, जुन्याशी चेहरा जुळत नाही म्हणे.

"बसा," म्हटलं. आजवर बस म्हणत होते. सवयीने कोट पुढे केला.

"कोट नको."

मग शोकेसकडे बोट केलं. "तो काढा. आधी दोनदा हेच सांगायला आलो होतो. फोटो लागला तेव्हापासून रस्त्यात लोक माझ्याकडे वळून बघत होते. तुम्ही हसलात, हात हलवलात. मग कसं सांगणार?"

काढला.

औषधवाल्याच्या मुलीचा फोटो लावताना मी तीन जणांना विचारलं होतं. याला मी चौदा प्रश्न विचारले, आईने मोजलेत. त्यात हा नव्हता.